दवाखान्याचं बिल भरायला दहा जण, पण सांभाळणाऱ्या बाईचा पगार कोण देणार?

घरातलं मोठं माणूस ॲडमिट झालं की पैशाला वाटा बऱ्याच असतात. आयुष्मान कार्ड असतं, फुले योजना असते, कोणाचा मेडिक्लेम असतो, काहीच नसेल तर भावकी आणि मित्रमंडळी मिळून भागवतात. खरी पंचाईत डिस्चार्जनंतर होते. आप्पा पॅरालिसिसमधून वाचले पण एक बाजू गेली, किंवा आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती आता आधाराशिवाय उठत नाही, मग तिला बाथरूमला कोण नेणार, रात्री कूस कोण बदलणार, मुलगा पुण्याला, मुलगी सुरतला, सून शाळेत नोकरीला. मग बाई शोधा, डायपर आणा, फिजिओ लावा, आणि हे एक-दोन महिन्यांचं काम नसतं, पाच-सात वर्षंही चालू शकतं. त्याचे पैसे कोण देतं? जवळपास कोणीच नाही.

हे ऐकून लोक चिडतात, "अरे पण सरकारची एवढी योजना आहे ना पाच लाखांची". आहे, पण ती कशाची आहे ते बघा.

म्हातारपणाचे खर्च दोन जातीचे. एक उपचाराचा आणि दुसरा सांभाळायचा. ऑपरेशन, आयसीयू, एमआरआय हा उपचार. अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, रात्री उशाशी कोणी असणं हा सांभाळ. आपल्याकडच्या सगळ्या योजना, सगळे विमे पहिल्या खर्चासाठी बनलेत. आयुष्मान भारतमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत केलेत (त्याला वय वंदना कार्ड म्हणतात, आधारवरून निघतं, घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल आणि कार्ड नसेल तर या आठवड्यातच काढून घ्या). पण ते पैसे दवाखान्यात भरती झाल्यावरचे. डिस्चार्जनंतरचा खर्च त्यात १५ दिवसांपर्यंतचाच धरलाय, आणि तोही औषधं-तपासण्यांसारखा. सोळाव्या दिवसापासून तुम्ही आणि तुमचं नशीब. महात्मा फुले योजनेचं पण तेच, दवाखान्याच्या दारापर्यंत. भुसावळला रेल्वेच्या पेन्शनरांना रेल्वेचा दवाखाना आहे, चांगली सोय आहे, पण तो दवाखाना तुमच्या घरी रात्रपाळीला मावशी पाठवत नाही.

मेडिक्लेमवाले एजंट "घरी उपचार पण कव्हर आहे बरं का" असं सांगतात. ते खोटं नसतं, पण अर्धं असतं. त्याचा अर्थ असा की ज्या आजाराला भरतीच व्हावं लागलं असतं पण बेड मिळाला नाही किंवा पेशंट हलवता येत नाही म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी उपचार केले, तर ते पैसे मिळतात. नुसतं वय झालंय आणि मदतीला माणूस लागतंय याला एक रुपया नाही. पॉलिसीच्या कागदात मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून बघा.

तर सांभाळायचा खर्च हा म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या पैशातून, आणि कमी पडला तर मुलांच्या खिशातून जातो. तिसरं कोणी नाही. एवढं एकदा पक्कं समजलं की पुढचा हिशोब सोपा होतो, कारण मग आपण वाट बघत बसत नाही.

महिन्याचा आकडा कसा काढायचा

खाली जे आकडे टाकतोय ते नुसते उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, जळगाव शहराचा वेगळा, शिरपूरचा वेगळा, खेड्यात ओळखीची बाई मिळाली तर अजून वेगळा. पण पद्धत हीच ठेवा.

समजा यावल तालुक्यातले एक आप्पा, वय ७६, पॅरालिसिस झालेला, आजी ७० ची पण गुडघ्याने बेजार. दिवसाची १२ तासांची बाई १४,००० रुपये. डायपर दिवसाला तीन, एक ४० रुपयांना धरला तर महिन्याचे ३,६००. औषधं ३,०००. फिजिओ महिन्यात १२ वेळा, दर वेळी ३०० म्हणजे ३,६००. गाडीभाडं, दूध-फळं, वाढलेलं लाईटबिल असे २,०००. बेरीज २६,२००. वर्षाचे झाले ३,१४,४००. आणि आजीला रात्रीचं उठणं झेपेना म्हणून रात्रपाळीला दुसरी बाई लावली तर महिन्याचे ४०,२००, वर्षाचे ४,८२,४००.

हा आकडा कागदावर आला की घरात एकदम शांतता पसरते, पण आकडा कागदावर यायलाच पाहिजे, कारण बहुतेक घरांत हा आकडा कधी काढलाच जात नाही, जो जवळ राहतो तो खर्च करत जातो आणि दोन वर्षांनी भावाभावांत बोलणं बंद होतं.

खर्च कमी करायच्या दोन-चार जागा आहेत त्या आधी बघा. डायपर एकदम कार्टन घेतले तर स्वस्त पडतात, मेडिकलवाल्याला होलसेल रेट विचारायला लाजू नका. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी दुकानात बऱ्याच कमी किमतीत मिळतात, डॉक्टरांना विचारून बदला. दवाखान्याची कॉट भाड्याने मिळते, एअर बेड मात्र विकतच घ्या, पाठीला जखमा झाल्या की त्यांच्या ड्रेसिंगचा खर्च बेडच्या कितीतरी पट होतो. बऱ्याच शहरांत सेवाभावी मंडळं व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची डिपॉझिटवर वापरायला देतात. तालुक्याच्या उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, उपचार मोफत आहेत, तिथे काय मिळतं ते एकदा जाऊन विचारा. आणि राज्य सरकारची वयोश्री योजना आहे, २०२४ ची, ६५ च्या वर वय आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये. एकदाच, दर महिन्याला नाही, यात लोकांचा फार गोंधळ होतो.

बाई आणि नर्स यातला फरक पण समजून घ्या. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, चालवणं हे केअरटेकर बाई करते. नाकातली नळी, लघवीची नळी, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग याला शिकलेली सिस्टर लागते आणि तिचा दर साहजिकच जास्त. पण नळी आहे म्हणून २४ तास सिस्टर ठेवायची गरज बहुतेक वेळा नसते, दिवसातून एकदा येऊन जाणारी सिस्टर आणि बाकी वेळ बाई असं केलं तर खर्च जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "कोणती कामं सिस्टरनेच करायला हवीत?" बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई घेतली तर पगारातला काही भाग ब्युरोकडे जातो, त्या बदल्यात बाई सुट्टीवर गेली की दुसरी पाठवायची जबाबदारी त्यांची. हे तोंडी नको, कागदावर घ्या. स्वतः शोधली तर स्वस्त, पण ती तिच्या भाचीच्या लग्नाला चार दिवस गेली की तुम्हीच. तास किती, सुट्टी कोणती, जेवण आपलं की तिचं, स्वयंपाक तिने करायचा की नाही, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्या, बायका सोडून जातात त्या बऱ्याचदा पगारापेक्षा कामाच्या भांडणावरून.

पैसा येणार कुठून

आता त्याच आप्पांची दुसरी बाजू. पाच एकर शेत, स्वतःला होत नाही म्हणून ठोक्याने (वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला) दिलेलं, एकरी २०,००० धरले तर वर्षाला एक लाख, महिन्याचे साधारण ८,३३३. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. आणि केळीच्या चांगल्या वर्षांत साठवलेले १५ लाख. हे १५ लाख कुठे ठेवलेत यावर सगळं अवलंबून आहे.

माझं मत विचाराल तर साठीच्या पुढच्या माणसाने पहिले पोस्टात जावं. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज २०२३ पासून ८.२ टक्के चाललंय (सरकार दर तिमाहीला दर बघतं, पण तुम्ही ज्या दराने खातं उघडलं तो पाच वर्षं तसाच राहतो), आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. १५ लाखांवर वर्षाचं व्याज १,२३,०००, म्हणजे महिन्याला १०,२५० पडले. दर महिन्यालाच पैसे हवे असतील तर पोस्टाची मंथली इन्कम स्कीम, ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख, जोडीने १५ लाख. मध्येच पैसे काढायची वेळ आली तर सीनियर सिटिझन स्कीममध्ये दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात, आणि वर्षाच्या आत मोडलं तर मिळालेलं व्याजही परत घेतात, म्हणून सगळेच पैसे तिथे अडकवू नका, निदान सहा महिन्यांचा खर्च साध्या बचत खात्यात किंवा छोट्या एफडीत मोकळा ठेवा.

पतसंस्थेत नको. भो, जळगाव जिल्ह्यात हे मी वेगळं सांगायची गरज नाही, किती घरांतल्या म्हाताऱ्यांचे पैसे अडकले ते सगळ्यांना माहिती आहे. पण तरी अजून लोक एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवतातच. बँक बुडाली, अगदी सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, शून्य. तरुण माणसाचे अडकले तर तो परत कमावतो, ७६ व्या वर्षी अडकलेले पैसे सुटेपर्यंत माणूस राहत नाही.

हिशोब पूर्ण करू. ८,३३३ अधिक १,००० अधिक १०,२५०, झाले १९,५८३. खर्च २६,२००. कमी पडतात ६,६१७. तीन मुलं-मुली असतील तर प्रत्येकी २,२०० च्या आसपास. म्हणजे ज्या खर्चाला घर घाबरलं होतं तो आप्पांनी स्वतःच तीन चतुर्थांश उचललाय, मुलांवर फक्त वरचा वाटा आला. आता असं समजा की आप्पांनी दोन वर्षांपूर्वीच खातेफोड करून शेत मुलांच्या नावावर करून टाकलंय. मग ठोक्याचे पैसे गेले, किसानचे गेले, राहिले फक्त १०,२५० आणि कमी पडतात १५,९५०. खर्च तोच, आजार तोच, पण आता आप्पा स्वतःच्या डायपरसाठी मुलांच्या तोंडाकडे बघतात.

पगारी पेन्शनवाल्यांचं सोपं आहे, जिल्हा परिषदेचे मास्तर, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीवाले, ज्यांचं जे पेन्शन असेल ते सरळ वरच्या बाजूला लिहायचं. फक्त एक बघा, पेन्शन आप्पांचं असेल तर त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन कमी मिळतं, आणि आई बहुतेक वेळा मागे राहते, तेव्हा तिचा खर्च त्या कमी आकड्यात बसतो का ते आत्ताच तपासा. ईपीएस-९५ वाल्यांची, म्हणजे पीएफमधून पेन्शन मिळणाऱ्यांची अवस्था तर बोलायलाच नको, किमान पेन्शन महिन्याला १,००० आहे, त्यात डायपरचे आठ दिवस निघतात.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, ६५ च्या वर, महिन्याला १,५००, अर्ज तहसीलला. पण अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. वर्षाचं हो, महिन्याचं नाही! आजच्या काळात २१,००० मध्ये कोण जगतं देव जाणे, पण दाखला तसाच लागतो. ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार. आणि पॅरालिसिस, पार्किन्सन यासारख्या आजाराने कायमचं अपंगत्व आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढायचा कंटाळा करू नका, म्हाताऱ्या माणसाला कशाला दिव्यांग म्हणायचं असं घरच्यांना वाटतं, पण त्या कागदावर बऱ्याच सवलती उघडतात, आणि जुन्या टॅक्स पद्धतीत सांभाळणाऱ्या मुलाला इन्कम टॅक्समध्ये वजावटही मिळते. टॅक्सचं बाकीचं सीएला विचारा, आपल्यातल्या बऱ्याच घरांना तो प्रश्नच येत नाही.

घर आहे पण हातात रोख नाही अशी जोडपी शहरात बरीच दिसतात. जळगावला ऐंशी लाखांचं घर आणि खात्यात चाळीस हजार. त्यांच्यासाठी रिव्हर्स मॉर्गेज नावाचा प्रकार २००७ पासून आहे. साध्या होमलोनमध्ये आपण बँकेला हप्ता देतो, इथे बँक आपल्याला हप्ता देते, घर आपल्याच नावावर राहतं, नवरा-बायको दोघं जिवंत असेपर्यंत तिथेच राहतात, आणि दोघांच्या मागे वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं नाहीतर बँक विकून आपले पैसे घेऊन उरलेले वारसांना देते. येणाऱ्या हप्त्यावर इन्कम टॅक्स नाही. ऐकायला छान आहे, पण घर स्वतः कमावलेलं पाहिजे, स्वतः राहतं पाहिजे आणि कागद एकदम स्वच्छ पाहिजेत, शिवाय बँका पैसे जास्तीत जास्त २० वर्षंच देतात. शेतजमिनीवर हे मिळत नाही. खेड्यात गावठाणातल्या घरावर मिळेल ही आशा ठेवू नका, जिथे ड्रोनने मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड मिळालंय तिथेही बँका फारशा पुढे येत नाहीत. आणि शहरातही अडचण बँकेची कमी, मुलांचीच जास्त असते, "बापाने घर गहाण टाकलं" ही बोंब गावभर होते. अहो, घर बापाचंच आहे. वरचा मजला किंवा पुढची खोली भाड्याने देणं त्यापेक्षा सोपं, ते आधी बघा.

सोनं. जळगावचं सोनं आहे तर ते कामाला येऊ द्या, पण दर महिन्याच्या खर्चासाठी गोल्ड लोन काढू नका, खर्च थांबणार नाही आणि व्याज चढत जाईल, त्यापेक्षा एखादा दागिना सरळ मोडा आणि पैसे पोस्टात टाका. नंदुरबार, तळोद्याकडे आदिवासी जमिनीचं वेगळं आहे, ती बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे "अडचण आली तर शेत विकू" हा हिशोब तिथे धरूच नका, कोणी गुपचूप कागद करून देतो म्हणाला तर अजिबात नको.

नावावर करून देण्याआधी

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुला-मुलीला, नातवाला बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, सेस आणि फी वेगळी. इतकं स्वस्त असल्यामुळे लोक पटकन करून टाकतात. मुलगा म्हणतो मागे भानगड नको, वकील म्हणतो आत्ताच उरकून घ्या. आप्पा म्हणतात, "कागद कसाले, घरनी गोट से" (कागद कशाला, घरातलीच गोष्ट आहे). आणि सही होते.

माझं म्हणणं, मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि मुख्य म्हणजे जिवंत असेपर्यंत सगळं आपलंच राहतं आणि मृत्युपत्र कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहा की घेणाऱ्याने आमचं खाणं-पिणं, राहणं, औषधपाणी आणि सांभाळायची व्यवस्था मरेपर्यंत करायची. कारण २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे, त्याच्या कलम २३ नुसार अशा अटीवर दिलेली मालमत्ता, घेणाऱ्याने सांभाळलं नाही तर, परत घेता येते. अट लिहिलेली नसेल तर काय? सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ च्या एका निकालात अट असायलाच हवी असं सांगितलं, जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने सैल लावून एका आईला तिची जागा परत मिळवून दिली. मधल्या भांडणात कशाला पडायचं, एक वाक्य लिहायला वकिलाला पाच मिनिटं लागतात.

याच कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून महिन्याचा निर्वाह मागता येतो. अर्ज प्रांत ऑफिसला, म्हणजे फैजपूर, अमळनेर, शिरपूर, शहादा असा तुमचा जो उपविभाग असेल तिथे. निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो, फार तर ३० दिवस वाढतात. जास्तीत जास्त रक्कम महिन्याला १०,००० आहे, म्हणजे वरच्या हिशोबातले आप्पांचे २६,२०० त्यातून निघणार नाहीत, पण ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना मोठा आधार आहे. यात मुलगा-मुलगी दोघं बांधील आहेत, सज्ञान नातू-नातही. सून नाही. गंमत बघा, प्रत्यक्षात सगळं कोण करतं आणि कायदा कोणाला विचारतो. ज्यांना मूलबाळ नाही त्यांची मालमत्ता ज्या नातेवाइकाला मिळणार आहे तो नातेवाईकही देणं लागतो.

सुनेवरून आठवलं. भावाभावांत हिशोब करताना जो मुलगा जवळ राहतो त्याच्या बायकोचं काम कुणी धरतच नाही. बाईला १४,००० द्यायला तयार असतात पण तेच काम सून करते तेव्हा ते फुकट. मग पुण्याचा भाऊ महिन्याला ३,००० पाठवतो आणि वर्षातून दोनदा येऊन आईचं डायपर का बदललं नाही म्हणून बोलून जातो. काही घरांत तर पाळ्या लावतात, तीन महिने याच्याकडे, तीन महिने त्याच्याकडे, आई एका घरी आणि आप्पा दुसऱ्या घरी. पाळी लावायचीच असेल तर म्हाताऱ्यांना नका फिरवू, मुलांनी पाळीपाळीने घरी या, किंवा जवळ राहणाऱ्याला वर्षातून महिनाभर पूर्ण सुट्टी द्या आणि तेवढ्या दिवसांची बाई बाकीच्यांनी भरा. पैसे एका वेगळ्या खात्यात जमा करा, त्यातूनच सगळा खर्च, आणि महिन्याचा हिशोब घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. कटकट वाटेल पण भांडणं कमी होतात.

वृद्धाश्रम

आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटलं की लोक काय म्हणतील इथेच गाडी अडते. मी तरी म्हणेन की दिवसभर कुलूपबंद घरात एकटं बसण्यापेक्षा चार माणसांत राहणं बरं, ज्याला पटेल त्याने बघावं. पण पैशाच्या बाजूने काही गोष्टी नीट विचारून घ्या.

पहिली, मोफत आणि संस्थेच्या अनुदानावर चालणारे आश्रम बहुतेक चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात. कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला आश्रम असावा असं लिहिलंय, आणि राज्याची १९९५ पासूनची मातोश्री वृद्धाश्रम योजनाही आहे, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जागा मिळणं अवघडच. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, "अंथरुणावरचा पेशंट घेता का, आणि आज चालतोय तो उद्या पडला तर ठेवता का काढता?" काढत असतील तर ती जागा तुमच्या कामाची नाही, कारण गरज तेव्हाच लागणार.

दुसरी, फी मध्ये काय येतं. राहणं आणि जेवण येतं, पण डायपर, औषधं, फिजिओ, दवाखान्यात नेलं तर गाडी आणि सोबत राहणारा माणूस हे बहुतेक वेगळं असतं. महिना १५,००० सांगितलेलं प्रत्यक्षात २२,००० होऊ शकतं. मागच्या महिन्याचं एखाद्या अंथरुणावरच्या पेशंटचं बिल नाव झाकून दाखवा म्हणावं, लगेच कळतं. वर्षाला फी किती वाढते ते विचारा. डिपॉझिट परत मिळतं का, किती दिवसांत, आणि माणूस पहिल्याच महिन्यात गेला तर किती मिळतं हेही विचारा, विचारायला अवघड वाटतं पण नंतर भांडायला जास्त अवघड वाटतं. जीएसटीचं एक लक्षात ठेवा, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने चालवलेल्या आश्रमात ६० च्या वरच्या माणसाला महिन्याला २५,००० पर्यंतच्या फीवर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा कशाचा.

नाशिक-पुण्याचे आश्रम चकचकीत असतात, पण महिन्याला भेटायला जायचा खर्च आणि वेळ धरा. आपली एसटी ७५ च्या वरच्यांना फुकट आहे, त्यामुळे आजी त्या वयाची असेल तर आप्पांना भेटायला फुकट जाऊ शकते, पण चाळीसगावपर्यंत ठीक, नाशिकपर्यंत तिची पाठ राहणार नाही.

सही करता येते तोवरचे कागद

पैसे असूनही ते काढता येत नाहीत ही वेळ फार घरांवर येते. आप्पांच्या एकट्याच्या नावावर एफडी, आणि आप्पा आता कोणाला ओळखत नाहीत. लोक म्हणतात मुखत्यारपत्र करून ठेवलंय. आपल्या कायद्यात माणसाची समज गेली की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं, मग पालक म्हणून नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं, बऱ्याचदा थेट हायकोर्टात, म्हणजे औरंगाबाद खंडपीठाच्या फेऱ्या आणि वकील. म्हणून समज शाबूत असतानाच निदान रोजच्या खर्चाचं खातं दोघांच्या नावावर करा, दोघांपैकी कोणीही काढू शकेल अशा पद्धतीचं, आणि दुसरं नाव आईचं किंवा ज्याच्यावर खरंच विश्वास आहे त्याचं. नॉमिनी लावा, नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळे एकाचंच नाव का म्हणून रुसवे नकोत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे उचलून वारसांना द्यायला असतो, वाटणी मृत्युपत्राप्रमाणेच.

समज आहे पण हात चालत नाही अशांसाठी बँकेत सोय आहे, अंगठा, आणि हाताचा जमत नसेल तर पायाचा अंगठाही चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा माणूस. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच बँकिंग द्यावं असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. काउंटरवरचा माणूस "पेशंटला घेऊन या" म्हणाला तर मॅनेजरकडे जा आणि लेखी मागा, ॲम्ब्युलन्स करून अंथरुणावरच्या माणसाला बँकेत नेऊ नका. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पोस्टमनला घरी बोलावूनही होतो, आणि केंद्राच्या पेन्शनरांत ८० च्या वरच्यांना त्यासाठी नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. यातलं कुठे अडलं, किंवा घरातलेच त्रास देत असतील, तर १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर आहे, टोल फ्री, त्यावर म्हाताऱ्या माणसाने स्वतःच फोन करायला हवा असं नाही, शेजाऱ्याने केला तरी चालतो.